मंडळी सोडल्यावर

एरवी या सदरात मी गावचा रस्ता, पाऊस, सकाळची गाडी आणि घरातला स्वयंपाक या चार विषयांपलीकडे सहसा जात नाही. पण दिवाळी अंकाची गोष्ट वेगळी. पाने जास्त, म्हणून विषयही जरा मोठा हवा, असा संपादकांचा आग्रह असतो. यंदा तो शोधायला मला कुठे जावे लागले नाही. आषाढातल्या एका संध्याकाळी, धो धो पावसात, खांद्याला गिटार अडकवून तो आपल्या पायांनी चालत आला आणि पामला आमच्या ओट्यावर निथळत उभा राहिला.

हा माझा भाचा. ताई बोईसरला राहते. हा तिचा धाकटा. तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत पाळीवर जातो आणि पाळी संपली की गातो. पाच-सहा पोरांचा त्यांचा एक बँड होता. पालघरपासून डहाणूपर्यंत कुठे हळद असो, कुठे नवरात्र असो, त्यांना बोलावणे असे. बँडचे नाव मोठे, आवाज त्याहून मोठा. एकदा त्यांचा कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून ऐकला होता. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागत होते.

‘मामा, मी बँड सोडला,’ तो म्हणाला.

‘का रे?’

‘नाही पटत. गाणी मी बांधतो, गातो मी, आणि फलकावर नाव बँडचं. पैशांचा हिशेब तर विचारूच नका. आता एकट्यानं करणार.’

‘अरे, मंडळी सोडणं सोपं असतं. मीसुद्धा सोडली होती की!’ मी सहज बोलून गेलो.

स्वयंपाकघरात भांडे आपटल्याचा आवाज झाला. ‘कधी म्हणे? मी तर अजून इथंच आहे!’

वाचकहो, आपल्या भाषेत बायकोला आणि नाटक कंपनीला एकच शब्द ठेवणाऱ्याच्या मनात काय होते, देव जाणे. पण त्या शब्दाने त्या दिवशी माझी पंचाईत केली खरी. मी म्हणत होतो ती दुसरी मंडळी, आणि तिची गोष्ट मी पुढे सांगणारच आहे. ती सांगायला जरा जड जाते, म्हणून आधी थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगतो.

भाच्याकडे थोरामोठ्यांची एक गोष्ट तयारच होती. टॉवेलने डोके पुसता पुसता त्याने मला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची कथा ऐकवली. जगात ज्याच्या नावाने पोरी किंचाळत असा तो बँड. १९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्या चौघांनी तिकीट लावून शेवटचा कार्यक्रम केला आणि १९७० मध्ये मंडळी फुटली. पुढे १९७२ च्या फेब्रुवारीत या मॅकार्टनीने काय करावे? ‘विंग्ज’ नावाची नवी मंडळी जमवली, बायको, पोरे आणि कुत्रीसुद्धा गाडीत घातली आणि निघाला. कार्यक्रम आधी ठरलेला नाही, जाहिरात नाही. वाटेत एखादे विद्यापीठ लागले की थांबायचे आणि विचारायचे, गाऊ का? पहिला कार्यक्रम नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात झाला. तिकीट पन्नास पेन्स.

‘आणि मामा,’ भाचा म्हणाला, ‘बीटल्सचं एकही गाणं म्हटलं नाही. एकसुद्धा नाही! मीसुद्धा बँडचं एकही गाणं म्हणणार नाही.’

त्याचे डोळे चमकत होते. मला त्या गोष्टीतली गाडी आवडली, कुत्री आवडली, पन्नास पेन्सही आवडले. शेवटची प्रतिज्ञा मात्र खटकली. पण चहा आला, मग भजी आली, आणि तरुण माणसाच्या प्रतिज्ञेला भज्यांच्या वेळी हात लावू नये एवढे वयाने मला शिकवले आहे.

तो गेल्यावर मात्र मला राहवेना. कारण अशी गोष्ट आपल्याकडेही घडून गेली आहे, आणि ती नॉटिंगहॅमच्या आधी जवळजवळ साठ वर्षे.

किर्लोस्कर नाटक मंडळी हे नाव ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल, त्यांना त्या नावाचा दरारा वेगळा सांगायला नको. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. मराठी माणसाला नाटकातल्या गाण्याचे वेड लागले ते तेव्हापासून. पुढे अण्णासाहेब गेले, १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले आणि कंपनीची गादी सुनी झाली. ती १९०५ मध्ये भरून निघाली. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेला शकुंतला होऊन उभा राहिला. लहानपणी त्याचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले होते, आणि महाराष्ट्राने मग त्याचे दुसरे नाव विसरूनच टाकले.

या माणसाने कंपनीला काय दिले, याची एकच आठवण पुरे. १२ मार्च १९११, मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. लोक म्हणाले, प्रयोग पुढे ढकला. ते ऐकले नाहीत. तोंडाला रंग लावला आणि भामिनी होऊन उभे राहिले. कंपनीसाठी, आणि आलेल्या प्रेक्षकांसाठी. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत. ते नुसते म्हणण्यापुरते नव्हते.

आणि अशा माणसाने दोनच वर्षांनी ती कंपनी सोडली! नानासाहेब जोगळेकर वारल्यावर आतली घडी विसकटली, चालकांशी पटेना, आणि १९१३ मध्ये ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे, नटवर्य गणपतराव बोडस आणि बालगंधर्व अशा तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या वेळी बालगंधर्व पंचवीस वर्षांचे होते. साधारण माझ्या भाच्याएवढे.

बरे, हे एकच उदाहरण नाही. केशवराव भोसल्यांनी स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढली, तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होते. बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीने गोव्याकडचा एक कोवळ्या वयाचा मुलगा घेतला, दीनानाथ मंगेशकर. आणि १९१८ मध्ये तोही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बाहेर पडला आणि त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ उभी केली. म्हणजे मंडळी सोडणे हा आपल्या संगीत रंगभूमीचा जुना रिवाजच म्हणायचा. सोडणाऱ्याने नवी मंडळी काढावी आणि पुढे त्याच्याही मंडळीतून कोणी तरी निघून जावे!

पण सोडल्यावर काय होते, ते गंधर्वांच्या चरित्रात नीट दिसते. सुरुवातीला सगळे सोन्याचे. १९१६ चे ‘स्वयंवर’, भास्करबुवा बखल्यांच्या चाली. १९१९ चे ‘एकच प्याला’, त्यातली सिंधू. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष. आजच्या कोणत्याही बँडने हेवा करावा अशी साथ! पण कंपनीत असताना ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्या मालक झाल्यावर दिसू लागतात. बिऱ्हाडाचे भाडे, नटांचे पगार, दोन वेळच्या पंगती, पडदे रंगवणारा, दिवे सांभाळणारा, सामानाच्या वाघिणी. नट असताना माणूस फक्त गातो. मालक झाला की दिव्यांचे तेलही त्यालाच मोजावे लागते. आणि मोजणे हा गंधर्वांचा पिंडच नव्हता. शालू भरजरी हवा, अत्तर खरे हवे, ‘द्रौपदी’चा दरबार दरबारासारखा दिसायला हवा. टेंबे गेले, पुढे बोडसही गेले, आणि डोक्यावर लाखाच्या पुढचे कर्ज राहिले. कोणा धनिकाचे देणे पदरात न घेता ते त्यांनी रात्रीमागून रात्री गाऊन फेडले. असा कर्जदार आज कोणत्या पेढीला मिळेल?

आणि आता माझ्या भाच्याच्या प्रतिज्ञेची गोष्ट. बालगंधर्वांनी किर्लोस्कर कंपनी सोडली, पण ‘सौभद्र’ सोडले नाही. ‘शाकुंतल’ सोडले नाही, ‘मृच्छकटिक’ सोडले नाही. ज्या घराशी भांडून निघाले त्या घरची नाटके नव्या घरात करत राहिले. इतकेच काय, ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा मुंबईत एका रंगमंचावर बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर! दोन मंडळींचे दोन मालक, दोघेही आपापली जुनी मंडळी सोडून आलेले, आणि ज्याची त्याची गर्दी दुसऱ्याला पाहून घेणारी. त्या रात्रीने कोणाचे नाव लहान झाले नाही. तीनच महिन्यांनी केशवराव गेले. तो योग चुकला असता तर पुन्हा येणार नव्हता.

श्रावणात भाचा पुन्हा आला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. तो हसला. ‘मामा, ते नाटकवाले. रॉकचं वेगळं असतं.’

‘मग तुमच्या त्या मॅकार्टनीनं पुढं काय केलं?’

तो जरा घुटमळला. ‘चार वर्षांनी अमेरिकेच्या दौऱ्यात... म्हटली. पाच.’

‘बीटल्सची?’

‘हो.’

मी काही बोललो नाही. पण आता मलाही त्या चौघांविषयी कुतूहल वाटू लागले होते. त्यातला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांचा शिष्य, तो तर आपल्याकडच्या सुरांना धरून होता. बँड सुटल्यावर १९७४ मध्ये त्याने रविशंकर आणि आपल्याकडचे वादक बरोबर घेऊन अमेरिकेचा मोठा दौरा काढला. घसा बसलेला, लोकांना जुनी गाणी हवी, याला नवे काही ऐकवायचे. दौरा पुरा केला खरा, पण त्यानंतर सतरा वर्षे तो कोणत्या दौऱ्यावर निघाला नाही. पुढचा निघाला तो एकदम १९९१ मध्ये, जपानला.

सतरा वर्षे! भाच्याने हा आकडा सांगितला आणि माझा घास तोंडातच राहिला. कारण आता माझ्या मंडळीची गोष्ट सांगणे भाग होते.

नोकरीच्या दिवसांत मी एका हौशी नाट्यमंडळात पेटी वाजवत असे. गणेशोत्सवात एक संगीत नाटक व्हायचे, त्याच्या तालमी दोन महिने चालायच्या. कोणाचा सूर कुठे घसरतो, कोण कुठे श्वास घेतो, मला पाठ असे. नट अडखळला की पेटीने त्याला हळूच उचलून धरायचे, असे की प्रेक्षकाला कळूही नये. मला त्यात फार सुख होते. एका वर्षी हस्तपत्रक छापून आले. त्यात नायकाचे नाव, नायिकेचे नाव, चहाची व्यवस्था पाहणाऱ्याचे नाव, आणि पेटीवाल्याचे नाव नाही. चूक छापखान्याची होती, हे मला नंतर कळले. पण तोवर मी चारचौघांत नको ते बोलून बाहेर पडलो होतो. कोणी परत बोलवायला आले नाही, मी परत गेलो नाही. पेटीवर खोळ घातली ती घातलीच. सव्वीस वर्षे झाली.

गंधर्वांनी मंडळी सोडली आणि ते गात राहिले. मी मंडळी सोडली आणि पेटीच सोडली. भांडण माणसांशी होते, शिक्षा पेटीला दिली. हे मी भाच्याला सांगितले, तेव्हा आमच्या मंडळीही, म्हणजे घरातल्या, दारात येऊन ऐकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनाही मी खरे कारण सांगितले नव्हते. ‘हात दुखतो’ असे सांगत आलो होतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मामा, गणपतीत गल्लीतल्या मंडपात माझा पहिला कार्यक्रम आहे. ड्रमवाला नाही, कीबोर्डवाला नाही. तुम्ही बसाल?’

मी नाही म्हणायला तोंड उघडले. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, ‘बसतील.’

खोळ काढली. समुद्रकाठच्या दमट हवेने आतले सूर गंजले होते, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या, आणि भात्याला कसरीने भोक पाडले होते. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी पाहिली, मला पाहिले, आणि ‘दोघांची तब्येत सारखीच आहे’ असा चेहरा केला. पण आठ दिवसांत पेटी बोलू लागली. माझी बोटे बोलायला त्याहून जास्त दिवस लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस ठरल्याप्रमाणे आला. मंडपाच्या पत्र्यांवर तो असा कोसळत होता की ड्रमवाल्याची उणीव कोणाला भासू नये. सत्तावीस माणसे होती. मी मोजली, कारण पहिली पाच मिनिटे माझ्याकडे दुसरे काम नव्हते. त्यातली नऊ घरची. भाच्याने चार नवी गाणी म्हटली. लोकांनी चांगुलपणाने टाळ्या वाजवल्या. पाचव्याला मागून एका पोराने ओरडून सांगितले, ‘दादा, तो जुना म्हण ना! बँडवाला!’

भाच्याचा चेहरा उतरला. गिटारीच्या तारेवर त्याचा हात तसाच थांबला. प्रतिज्ञा मोडायची की पोराचे मन? मी काही बोललो नाही. त्याची पट्टी मला ठाऊक होती. मी पेटीवर त्याचा षड्ज धरला आणि धरून ठेवला. अडखळलेल्या नटाला उचलून धरायची ती जुनी सवय, दुसरे काही नाही.

त्याने डोळे मिटले आणि ते गाणे म्हटले. बँडमध्ये ते धावत असे. इथे सावकाश चालले. त्या धबडग्यात कधी ऐकू न आलेले त्याचे शब्द पहिल्यांदाच नीट कानावर पडले. ताईने पदर डोळ्यांना लावला. अर्थात ती रामरक्षेलाही लावते. पण मागे उभ्या असलेल्या एका रेनकोटवाल्या मुलाने खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला होता, तो मात्र पक्का ठेका होता. नंतर कळले, हा जुन्या बँडचा ड्रमवाला. स्पीकर त्यांचेच उसने आणले होते, ते परत न्यायला आला होता आणि गाणे संपेपर्यंत थांबला. दोघे एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. स्पीकर मात्र दोघांनी मिळून टेम्पोत चढवले.

बँड पुन्हा एक झाला काय, असे विचाराल, तर नाही. होईल असेही वाटत नाही. भाचा एकट्यानेच गाणार, आणि गावे. मला इतकेच कळले की मंडळी सोडताना माणूस भांडण बरोबर घेऊन निघतो आणि गाणे मागे ठेवतो. खरे तर उलट करायला हवे. गाणे ना मंडळीचे असते ना मालकाचे. ते त्या मागच्या पोराचे असते, ज्याला ते पुन्हा ऐकायचे असते.

बालगंधर्वांना हे कोणी शिकवावे लागले नाही. १९३४ च्या सुमारास त्यांच्या मंडळीचा पसारा थांबला, १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पण पडद्यात त्यांचे मन रमले नाही. समोर मायबाप नाहीत तर गायचे कोणासाठी? ते पुन्हा रंगभूमीवर आले. साठीच्या आसपास, रूप ओसरल्यावरही, लोक डोळे मिटून त्यांची सिंधू ऐकत. पुढे पाय गेले, तर बसून भजने म्हटली. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर उघडले. आयुष्यभर भाड्याची थिएटरे भरणाऱ्या माणसाच्या नावाचे थिएटर!

कार्यक्रमाच्या रात्री आम्ही हिशेब केला. मंडळाने दिलेले मानधन, वजा टेम्पो, वजा चहा, वजा पेटीची दुरुस्ती. एकंदर तोटा. भाचा हिरमुसला. मी म्हटले, ‘अरे, गंधर्वांच्या मानानं आपलं कर्ज काहीच नाही. गाऊन फेडू.’

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे भात कापणीला आलेले असेल. दिवाळीच्या रात्री पलीकडच्या पाड्यावरून तारप्याचा आवाज येतो. दुधी भोपळ्याचे ते लांब वाद्य एकटा माणूस वाजवतो आणि त्याच्याभोवती सारा पाडा हातात हात गुंफून फिरतो. यंदा तो आवाज आला की मी भाच्याला फोन करणार आहे. आणि तो येईपर्यंत पेटीची खोळ काढून ठेवणार आहे. आमच्या मंडळींनी तिचे पायपुसणे करून टाकले नसेल, तर.